चौघांचं काम, एकाचं नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला चिपवरचा लेख दोनदा वाचला. भाषा सोपी आहे, शाळकरी मुलांनाही कळेल अशी आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो. ‘मायक्रोप्रोसेसरचे जनक टेड हॉफ’ एवढं एक वाक्य टाकून लेख पुढे निघून जातो. फेडेरिको फाजिन, स्टॅन मेझर, मासातोशी शिमा यांपैकी कुणाचंही नाव नाही.

हॉफ यांचं श्रेय मला मुळीच कमी करायचं नाही. जपानच्या बिझिकॉम कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी डझनभर वेगवेगळ्या चिप हव्या होत्या. त्याऐवजी चार चिपचा संच करावा आणि त्यातली एक प्रोग्रामवर चालणारी, म्हणजेच मायक्रोप्रोसेसर, असावी, ही कल्पना १९६९ साली इंटेल कंपनीतल्या हॉफ यांनी मांडली, मेझर त्यांच्या जोडीला होते. पण पुढे महिनोन्‌महिने चिपच्या प्रत्यक्ष रचनेला कुणी हातच लावला नाही. एप्रिल १९७० मध्ये बिझिकॉमचे अभियंते शिमा काम तपासायला कॅलिफोर्नियात आले, तेव्हा त्यांना दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. इंटेलमध्ये नुकतेच रुजू झालेले फाजिन त्यांच्या तावडीत सापडले. मग हाच चिडलेला ग्राहक काही महिने तिथंच राहिला आणि फाजिन यांच्याबरोबर लॉजिक तपासत बसला. शिमांचं शिक्षण रसायनशास्त्राचं, हे विसरू नका! वर्षअखेरीस हाती आलेल्या पहिल्या चिप चालल्याच नाहीत, कारण बनवताना एक थर द्यायचा राहून गेला होता. जानेवारी १९७१ मध्ये ती प्रोग्रामवर चालणारी चिप, ४००४, चालली. २,३०० ट्रान्झिस्टर, १६ पिना. त्या चिपवर फाजिन यांनी आपली ‘एफ. एफ.’ ही आद्याक्षरं कोरून ठेवली. त्या माणसाचं नाव तुमच्या अख्ख्या पानात नसावं?

मला हे इतकं लागण्याचं कारण जुनं आहे. १९८७ साली पदविकेच्या तोंडी परीक्षेला ८०८५ या इंटेलच्या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर दोन संख्यांची बेरीज करून दाखवली, उत्तर डिस्प्लेवर बरोबर आलं. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “मायक्रोप्रोसेसरचा जनक कोण?” ग्रंथालयातल्या एका मासिकात वाचलं होतं, म्हणून मी चारही नावं सांगितली. ते म्हणाले, “एकच सांग. बाप एकच असतो.” मी म्हटलं, “सर, इथं चौघे आहेत.” पंचवीसपैकी चौदा गुण मिळाले. ज्या ८०८५ पुढे उभं राहून हे बोलणं झालं, तिच्या आज्ञा आल्या इंटेलच्याच आधीच्या ८०८० या चिपवरून, आणि ८०८० घडवली होती फाजिन आणि शिमा यांनीच! तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं, नाहीतर तेही सांगितलं असतं.

पुढे मी स्वतः तंत्रनिकेतनात शिकवायला लागलो. दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर चार नावं लिहायचो, ती पुसू द्यायचो नाही. १९९७ चा क्योटो पुरस्कार या चौघांना मिळून दिला गेला, तेव्हा ते कात्रण प्रयोगशाळेच्या दारावर लावलं होतं. आणि आज आमच्या शेजारची आठवीतली मुलगी तुमचा लेख कापून प्रकल्पवहीत चिकटवते आहे. तिला मी काय सांगू? पेपर चुकला म्हणून?

आणखी एक. ‘जगातला पहिला मायक्रोप्रोसेसर’ म्हणून जे छायाचित्र छापलं आहे, त्यातल्या चिपला चारही बाजूंनी पिना आहेत. मी भिंग लावून मोजायला बसलो आणि साठ पिनांनंतर सोडून दिलं. ४००४ ला दोन बाजूंना आठ-आठ, बस्स.

दुरुस्ती छापाल अशी आशा आहे. मात्र ती त्याच पानावर छापावी. मागच्या खेपेला माझ्या पत्रावरून केलेली दुरुस्ती निविदांच्या जाहिरातींखाली गेली होती, माझ्या घरातल्यांनाही ती सापडली नाही.

आपला,
एक निवृत्त अधिव्याख्याता, सांगली