पेडलच्या निवडीबाबत मित्रास पत्र

रत्नागिरी,
दि. ९ जून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अलिबागला बदली झाल्यापासून कचेरीत सायकलनेच जायचे तू ठरवलेस, हे फार बरे केलेस. मात्र दुकानदार गळ्यात मारू पाहत असलेली, बुटाच्या तळव्याला अडकणारी एसपीडी पेडलची जोडी तू घेऊ नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिमानो या जपानी कंपनीने १९९० मध्ये आणलेला हा प्रकार मुळात वाईट नाही, आणि आरे-वारेच्या चढावर त्याचा फायदा मी स्वतः घेतलेला आहे. परंतु त्यातून पाय सोडवायला टाच बाहेरच्या बाजूस वळवावी लागते, आणि पुढची रिक्षा हात दाखवणाऱ्या प्रवाशासाठी भर रस्त्यात थांबते तेव्हा तेवढे भान राहत नाही. मारुती मंदिराच्या चौकात मी असाच, सायकल पूर्ण थांबलेली असताना, अगदी सावकाश डावीकडे आडवा झालो. लागले कमीच, पण माशांची पाटी घेऊन चाललेल्या मावशी म्हणाल्या, "पाय नाय काय रे तुला टेकायला?" त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तू रुंद, सपाट, नायलॉनचे आणि पृष्ठभागावर बारीक उंचवटे असलेले पेडल घे. गुळगुळीत रबराच्या पेडलवरून पावसात चप्पल सटकते. उलट धातूच्या टोकदार खिळ्यांची पकड उत्तम असली, तरी पाय चुकला की नडगी सोलून निघते. कडेचे नारिंगी परावर्तक काढून टाकू नकोस, कारण काळोखात वरखाली होणारा तो ठिपका मागच्या गाडीवाल्याला चटकन दिसतो.

आता खाऱ्या हवेविषयी. पेडलची आस पोलादी आणि क्रँक, म्हणजे पेडल ज्यात बसते तो दांडा, अ‍ॅल्युमिनियमचा असला, की आपल्याकडच्या दमट, खारट हवेत दोन्ही धातू एकमेकांना असे धरून बसतात की पुढे पाना वाकेल, पण पेडल निघणार नाही. म्हणून आट्यांना भरपूर ग्रीस लावूनच ते बसव आणि पावसाळ्याआधी व नंतर एकदा काढून पुन्हा ग्रीस लाव. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नकोस. पेडल मारताना पडणाऱ्या भाराने ते आपोआप सुटत जाऊ नये, म्हणून ती योजना असते. एका कारागिराने माझे उजवे पेडल जोर लावून डावीकडे बसवले आणि क्रँकचे आटे कायमचे खाल्ले. पाना आसेच्या वर उभा धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पेडल आवळतात, मागे ओढला की सुटतात.

१५ मिलिमीटरचा लांब पाना मी पुढच्या रविवारी येताना आणतो. तोवर जुन्या पेडलच्या आट्यांवर रोज रात्री थोडे तेल सोडत जा, आणि हातोडी मात्र लावू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत