सायकली घराघरांत आहेत, मंत्रिमहोदय. चरात मी पडलो

प्रति,
मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य
(खाते मुद्दाम लिहिलेले नाही. सायकल कोणत्या खात्यात मोडते, हे तीन कार्यालयांत विचारूनही कळले नाही.)

सप्रेम नमस्कार.

पत्र मी सांगतो आहे आणि पुतणी टाइप करते आहे, कारण माझा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. दोन ठिकाणी तिने माझे शब्द सौम्य केले आहेत. कोणते, ते वाचताना आपल्याला कळेलच.

गेल्या ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, आपण सांगलीत सायकल चालवलीत. पुष्पराज चौकातून निघालात, विश्रामबागेत उतरून गाडीत बसलात. तेवढ्या वाटेत आपल्यापुढे पोलिसांची जीप, मागे रुग्णवाहिका, आणि तिच्यामागे आम्ही तीनेकशे माणसे, आपला फोटो छापलेले पांढरे टी-शर्ट घालून. भाषणात आपण म्हणालात, सांगली ते मिरज सायकलींसाठी वेगळी पट्टी करू, तीही गणपतीच्या आत. मी टाळ्या वाजवल्या. तेव्हा दोन्ही हात चालत होते.

गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली. पट्टी आली नाही, कडेने चर मात्र आला. कसली तरी लाइन टाकायला खणला, वर माती ओढली, पावसाने ती बसली आणि वीतभर खोल घळ तयार झाली. तिथे दगड नाही, फलक नाही, दिवा तर नाहीच.

मी मिरजेत राहतो. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडे हिशेब लिहितो. वय ५८. २६ नोव्हेंबरला संध्याकाळी पावणेसातला घरी परतत होतो. उसाचा हंगाम सुरू झालेला. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर हातभर ऊस, मागे लाल दिव्याचा पत्ता नाही, पुढे मात्र गाणी जोरात. ट्रॉली अंगावर यायला लागली तशी मी सायकल डावीकडे घेतली. सायकलवाल्याला दुसरे कुठे जायला जागा असते? पुढचे चाक चरात गेले आणि मी हँडलवरून पलीकडे. मनगटाची दोन हाडे मोडली, आत पट्टी बसवावी लागली. हीच आपली पट्टी, असे मी भुलीतून बाहेर येताना म्हणालो म्हणे.

मिरजेत हाडांच्या डॉक्टरांची वानवा नाही, तेवढी एक सोय. बिल ४८ हजार. डॉक्टर म्हणाले, "काका, या वयात सायकल कशाला?" अडतदार म्हणाले, बरे झाल्यावर या. हळदीचा हंगाम तोंडावर आला आहे, तोवर माझी खुर्ची माझी राहील की नाही देवाला ठाऊक. तीन आठवडे सौ. मला भरवते आहे. सदऱ्याची बटणे ती लावते, विजारीची नाडीही. रात्री दोनला ठणका लागला की मी छताकडे बघत गणपतीच्या आत, गणपतीच्या आत, असे म्हणत पडतो. पाठीला खाज सुटली तर काय करायचे हे कोणत्याच शासन निर्णयात नाही.

हे सगळे मी गिळले असते. पण गेल्या आठवड्यात मोबाईलवर आपले दुसरे भाषण ऐकले. घराघरांत सायकली आहेत, पण मोठी माणसे त्या चालवतात कुठे, मग पट्टी करून उपयोग काय, असा आपला सवाल. ऐकून हसणारेही होते.

साहेब, पहिले वाक्य खरे आहे, म्हणूनच झोंबले. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ ४५ टक्के घरांत सायकल होती. शेतीबाहेरची कामे करणाऱ्यांत कामावर सायकलने जाणारे किती? सुमारे १३ टक्के. आहे ही एक गोष्ट आणि चालवतो ही दुसरी, एवढे मलाही कळते. माझेच घ्या. कुणी विचारले असते तर मी छातीठोकपणे 'जवळजवळ रोज' म्हटले असते. पण सायकलने गेलो की मी कालनिर्णयवर फुली मारतो. जानेवारीपासून पडेपर्यंतच्या फुल्या सौ.ने मोजल्या. ७१. जुलैत दोन. मी तिला पुन्हा मोजायला लावले, तर ६९ भरल्या.

मग आमच्या इमारतीचे पार्किंग पाहिले, एका हाताने एवढेच काम होते. बिऱ्हाडे २४, सायकली १९. पोरांच्या ९ सोडल्या तर मोठ्यांच्या १०. त्यांतल्या सात सायकलींच्या चाकांत हवा नाही. एकीवर कुणाचे तरी पायपुसणे वाळत असते. आठवी गिअरची, चोवीस हजारांची. ती गाडीच्या टपावर बसून दंडोबाच्या डोंगराला जाते, फोटो काढून परत येते. राहिल्या दोन. एक माझी. दुसरी आमच्या वॉचमनची, जो मालगावहून रोज रात्री येतो आणि सकाळी जातो. पाऊस असो, ट्रॉली असो. त्याला कालनिर्णयवर फुल्या माराव्या लागत नाहीत, कारण त्याच्याकडे दुसरे वाहनच नाही.

त्या सात उभ्या का आहेत, हे आपण विचारलेत का? ट्यूबमधली हवा सायकल उभी असली तरी हळूहळू जाते. दोन आठवडे नेली नाही की चाक बसते, आणि चाक बसले म्हणून पुढचे दोन महिने नेली जात नाही. कोपऱ्यावर हवा भरून देणारा, चाकाचा आऊट काढणारा जो म्हातारा बसायचा, त्याची टपरी अतिक्रमण म्हणून उचलली. त्याच जागी आता चारचाकी लागतात, त्या अतिक्रमणात मोडत नाहीत. शिवाय सायकलवर दिसले की ओळखीचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "काय हो, गाडी बंद पडली?" आणि अंधार पडल्यावर या रस्त्याने जायचे तर घरची माणसे देवाला दिवा लावून वाट बघतात. सांगली-मिरज सपाट आहे हो. साताऱ्यासारखा यवतेश्वरचा चढ नाही, की चढवत नाही म्हणून सोडली. आम्हाला माणसांनी सोडायला लावली.

आणि जे चालवतात ते आपल्याला दिसणार कसे? पडण्याआधी एका सकाळी सात ते साडेसात मी गॅलरीत बसून मोजल्या होत्या, ६२. (चहा आणायला आत गेलो तेवढ्या सुटल्या.) हँडलला डबा अडकवून कुपवाडच्या एमआयडीसीकडे जाणारे, यार्डातले हमाल, चार घरची कामे करणाऱ्या बायका. यांच्यातला एकही ३ जूनच्या फेरीत नव्हता. त्या वेळेला ते कामावर होते.

माझ्या वडिलांच्या सायकलला पत्र्याचा बिल्ला होता. सायकलला कर होता. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला, डबलसीट दिसला की पोलीस अडवायचा. तेव्हा शहरात सायकली किती हे सरकारला चोख ठाऊक असायचे, कारण पैसे मिळत होते. आता आम्ही पेट्रोल भरत नाही, टोल देत नाही, हप्ता फेडत नाही. तर आम्ही आहोत कशाला? २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलवाले. पाय मोडलेले, हात मोडलेले कोण मोजतो! २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना प्राधान्य लिहिले आहे. लिहिले आहे, एवढेच. २०२५ च्या सप्टेंबरात सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, आभारी आहोत. म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये अजून एक उभी राहील.

चर कुणाचा म्हणून माझा भाऊ विचारायला गेला. पहिले म्हणाले, रस्ता आमचा नाही. दुसरे म्हणाले, रस्ता आमचा, कड आमची नाही. तिसरे जेवायला गेले होते. असाच कारभार सगळीकडे चालतो: उद्घाटनाला नारळ सहा हातांत, आणि खड्ड्याला बाप नाही. पुराच्या दिवसांत आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, हे आम्हाला तासातासाला कळते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सायकलवाल्यांची इशारापातळी किती माणसांना लागते, तेवढे कळवावे.

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, आणि तिथे त्या चालतातही. तिथले पंतप्रधान मार्क रुट्टे जुलै २०२४ मध्ये पद सोडले तेव्हा सायकलवर बसून गेले. आपण पद सोडावे असे मी म्हणत नाही. (हे वाक्य पुतणीचे.) फक्त एकदा संध्याकाळी पावणेसातला, जीप आणि रुग्णवाहिका न घेता, यार्डापासून मिरजेपर्यंत माझ्याबरोबर या. आणि तोवर तो चर बुजवा. पट्टीचे नंतर पाहू.

आपला,
मिरजेचा एक सायकलस्वार (सध्या पायी)

ता. क. : सायकलचा चिमटा वाकला आहे, दुरुस्तीला दिली आहे. पडलो तेव्हा अंगात आपलाच टी-शर्ट होता. दवाखान्यात उजवी बाही कात्रीने कापावी लागली, आपला चेहरा थोडक्यात वाचला. पुढच्या ३ जूनला नवा मिळणार असेल तर एक माप मोठा द्यावा. प्लास्टरवरून जायला हवा.