लोडवर गाडी थरथरते, मग गॅरेजवाले लोडवर चालवून का बघत नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्याकडे २०११ ची डिझेल ऑटोमॅटिक सात सीटर आहे, १ लाख ६८ हजार किमी झालेत. दिवाळीपासून ती लोडवर, म्हणजे इंजिनवर ताण आला की, थरथरायला लागली. गावात एकटा फिरलो तर काहीच नाही, पण कल्याणहून घरची सहा माणसं आणि सामान घेऊन नाशिकला येताना कसाऱ्याचा चढ लागला की ६०-७० च्या स्पीडला सीटखालून अशी घरघर यायची की वाटावं टोलनाक्याच्या आधी रस्त्यावर जाड पट्टे असतात ना त्यावरून चाललोय. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की बंद. आईने तर मागे बसणंच सोडलं.

पहिल्या गॅरेजात व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट, मग चारही टायर नवे. दुसरीकडे इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) काढून साफ केले. तिसऱ्याने गाडी लिफ्टवर घेतली, खालून बघितलं आणि सांगितलं गिअरबॉक्स खोलावा लागेल, लाखाच्या वर जाईल. साठेक हजार गेले आणि घरघर होती तशीच, आणि संताप याचा येतो की तिघांपैकी एकानेही माझ्याबरोबर गाडीत बसून चढावर चक्कर मारली नाही. उभ्या गाडीला रेस दिली आणि निदान झालं! अहो पण त्रास लोडवर आहे.

शेवटी अंबडकडचे एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी आधी पाना हातात घेतलाच नाही, विचारलं की थरथर स्पीडबरोबर वाढते, इंजिनच्या आरपीएमबरोबर (फेऱ्यांबरोबर) वाढते की पाय दाबल्यावरच येते. मला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. टायरचा दोष असेल तर पाय उचलला तरी त्या स्पीडला थरथर राहते आणि बहुतेक वेळा स्टिअरिंगमध्ये जाणवते. त्यांनी हिशोबच सांगितला, ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण १० वेळा फिरतं आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणारा फिरता दांडा, ४० च्या आसपास, म्हणून चाकाचा हेलकावा संथ लागतो आणि शाफ्टचा क्रॉस (त्याचा सांधा) किंवा सेंटर बेअरिंग (मधला आधार) गेलं असेल तर बारीक झणझण येते.

मग उभ्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून गिअर डी मध्ये (पुढे जायच्या) टाकून जरा रेस दिली, अगदी दोन-तीन सेकंद, जास्त वेळ केलं तर गिअरबॉक्सचं ऑइल तापतं. धक्का जाणवला, इंजिन-गिअरबॉक्स ज्यावर बसतात त्या मागच्या माउंटिंगचं रबर चिरलेलं निघालं. स्कॅनर लावून चारही सिलिंडरचं इंजेक्टर करेक्शन (कुठे डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय ते) बघितलं, ते ठीक होतं. क्रॉस हाताने हलवून बघितले, तेही घट्ट.

त्यानंतर स्वतः शेजारी बसले आणि मला घोटीच्या बाजूला न्यायला लावलं. घरघर सुरू झाल्यावर म्हणाले, मागे कोणी नाही ना बघ, उजवा पाय आहे तसाच ठेव आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श कर. केला, आणि घरघर त्याच क्षणी थांबली, आरपीएमचा काटा थोडा वर गेला. म्हणजे दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचचा. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देतो तो टॉर्क कन्व्हर्टर, आणि दोघांना थेट घट्ट जोडतो तो हा क्लच. ब्रेकचा सिग्नल गेला की तो सुटतो. डिझेलला कमी आरपीएमलाच टॉर्क (फिरवायची ताकद) जास्त असतो, त्यामुळे चढावर या क्लचवर खूप ताण येतो, आणि ऑइल जुनं झालेलं असेल तर तो नीट धरत नाही, धर-सोड धर-सोड करतो.

गिअरबॉक्सचं ऑइल काढलं तर काळं आणि जळका वास. लाल असायला हवं होतं. मला गाडी घेताना सांगितलं होतं हे ऑइल आयुष्यभराचं, आणि मी तेरा-चौदा वर्षं विश्वास ठेवला. नुसता ड्रेन प्लग काढला तर निम्मंसुद्धा ऑइल निघत नाही, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं, म्हणून मधे थोडी गाडी चालवून तीनदा बदललं, फिल्टर नवीन, ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, आणि माउंटिंग नवं. सगळं मिळून १७ हजार. मिस्त्रींनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की क्लचचं लायनिंगच घासलं असेल तर ऑइलने भागणार नाही, कन्व्हर्टर उतरवावा लागेल. माझ्या गाडीचं भागलं, परवा सहा जण घेऊन कसारा चढलो.

गॅरेजवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, लोडवरची तक्रार असेल तर गिऱ्हाइकाला शेजारी बसवून चढावर एक चक्कर मारा, तिचे पाचशे रुपये वेगळे लावा, आम्ही आनंदाने देऊ. आणि ज्यांच्याकडे अशा जुन्या ऑटोमॅटिक आहेत त्यांनी स्पीड किती, आरपीएम किती, पाय उचलल्यावर काय होतं हे कागदावर लिहून मगच गॅरेजात जावं, आणि गिअरबॉक्स खोलू देण्याआधी त्याचं ऑइल पांढऱ्या कागदावर टाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

आपला,
एक वाचक, नाशिक