मिश्री सोडवण्याच्या संशोधनाला कायमची पदे द्या

महोदय,

३१ मे आला की पुण्यात तंबाखूविरोधी फेऱ्या निघतात, शपथा घेतल्या जातात. माणसाची तंबाखू नेमकी कशाने सुटते, याचा शोध घेणाऱ्याची मात्र वर्षभर कुणी विचारपूस करत नाही. एमबीबीएस झालेल्या हुशार मुलीने 'पीएसएम' (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) घेतले की घरचे नाराज होतात. त्यात तिने व्यसनमुक्तीवर संशोधन करायचे ठरवले, तर 'पुढे नोकरी कुठे?' या प्रश्नाला आम्हा शिक्षकांकडेही धड उत्तर नसते.

हे काम चिकाटीचे आहे. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी तिथल्या डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास १९५१ मध्ये सुरू केला. त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, तेव्हा हिल हयात नव्हते आणि डॉल यांनी नव्वदी ओलांडली होती. सिगारेट ओढत राहणारा सरासरी दहा वर्षे आधी जातो आणि पन्नाशीत सोडली तरी सुमारे सहा वर्षे वाचतात, हे त्यातून कळले.

आपला प्रश्न वेगळा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. सिगारेट सुटली की नाही, हे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजून पाहता येते. मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावणाऱ्या बाईला त्या यंत्राचा काय उपयोग? तिच्या लाळेतले कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारे द्रव्य) तपासावे लागते, आणि तिला निकोटिनचे च्युइंगम दिले असेल तर त्यानेही कोटिनिन दिसते. शिवाय वस्तीतल्या कित्येक जणींना मिश्री हे व्यसन वाटतच नाही. दात घासल्याशिवाय दिवस कसा सुरू करायचा, असे त्या विचारतात. त्यांच्याशी काय आणि कसे बोलावे, हे परदेशी निबंधांत सापडणार नाही. ते इथेच, त्यांच्या दारात बसून शोधावे लागेल.

उपचार लागू पडला असे म्हणायला निदान सहा महिने पाठपुरावा हवा, आणि जो सापडला नाही त्याचे व्यसन सुरूच आहे असे धरायचे, हा या क्षेत्रातला कडक आणि रास्त दंडक. भाड्याची खोली बदलली, मोबाइल नंबर बदलला की माणूस हातचा जातो. त्याला शोधून काढायला वस्तीत ओळख लागते. अकरा महिन्यांच्या करारावरचा संशोधन सहायक ती ओळख होते न होते तोच दुसरी नोकरी शोधू लागतो. यात त्याचा काय दोष?

निकोटिनचे पर्यायी उपचार (तंबाखूऐवजी च्युइंगमसारख्या रूपात निकोटिन देणे) २०२२ मध्ये राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आले. आता ते मिश्री आणि तंबाखू-चुन्याच्या सवयीवर किती लागू पडतात, हे तपासणारी माणसे नेमा. पुण्यातली वैद्यकीय व दंत महाविद्यालये, विद्यापीठ आणि महापालिकेचे दवाखाने यांनी मिळून या कामासाठी कायमची पदे निर्माण करावीत. बढतीच्या वेळी निबंधांची संख्या मोजण्याऐवजी पाठपुरावा किती जणांचा आणि किती काळ झाला, ते पाहावे. उपचार निष्फळ ठरल्याचा प्रामाणिक अहवालही त्यात धरावा. येत्या अर्थसंकल्पात याची तरतूद व्हावी, ही विनंती.

– एक निवृत्त वैद्यकीय प्राध्यापक, सहकारनगर, पुणे