दिल्या, ते एकवीसशे रुपये सोडू नकोस

कऱ्हाड,
रविवार

प्रिय दिल्या,

तुझा मेसेज मिळाला. एटीएमनं अडकवलेले दहा हजार अखेर खात्यावर आले हे वाचून बरं वाटलं. पण शेवटी जे लिहिलंयस, ‘मिळाले ना, मग आता कशाला उकरत बसायचं’, ते मला बिलकूल पटलेलं नाही. फोनवर तू मध्येच ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलतोस, म्हणून लिहूनच पाठवतोय. शेवटपर्यंत वाच.

तुझे पैसे कापले गेले ३ तारखेला आणि परत आले २९ ला. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे. खात्यातून रक्कम वजा झाली पण मशीनमधून नोटा आल्याच नाहीत, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत बँकेनं ती रक्कम परत जमा करायची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे दिवस सरळ कॅलेंडरचे, सुट्ट्या-बिट्ट्या वगळायच्या नाहीत. आणि ही भरपाई बँकेनं आपणहून द्यायची आहे, ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता. म्हणजे ८ तारखेपर्यंत बँकेला मुभा होती. पुढच्या २१ दिवसांचे २,१०० रुपये तुझं येणं आहे, आणि ते अजून आलेलं नाही.

‘मशीन दुसऱ्या बँकेचं होतं, आम्ही काय करणार’ असं तुला काउंटरवर सांगितलं म्हणतोस. ते ऐकून घ्यायचं कारण नव्हतं. कार्ड ज्या बँकेचं, ग्राहकाला उत्तर तिनंच द्यायचं. मशीनवाल्या बँकेशी हिशेब करणं हे त्यांचं आपसातलं काम. मशीनमध्ये प्रत्येक व्यवहाराची नोंद होते, आणि रोकड भरायला माणसं येतात तेव्हा आतल्या नोटा आणि त्या नोंदी यांचा ताळा लावला जातो. तुझ्या हातात न आलेले दहा हजार तिथं जास्तीचे निघणारच. त्यामुळे पुढे कधी कुणी ‘लॉगमध्ये’, म्हणजे मशीनच्या नोंदीत, ‘व्यवहार यशस्वी दिसतोय’ म्हणालं तर वाद घालू नकोस. त्या लॉगची प्रत, त्या दिवसाचा रोकड ताळा आणि कॅमेऱ्याचं चित्रण लेखी माग. यूपीआयनं कुणा माणसाला पाठवलेले पैसे त्याला पोहोचलेच नाहीत तर परत करायची मुदत एटीएमच्या पाच दिवसांहून कमी, एकच दिवस. पुढे तेच रोजचे १०० रुपये.

आता तुला वाटेल, याला हे सगळं कुठून कळलं. मावशीच्या खात्यामुळं.

काका गेल्यावर आम्ही मृत्यूचा दाखला देऊन जोडखातं मावशीच्या एकटीच्या नावावर करून घेतलं होतं. दवाखान्याच्या खर्चानं शिल्लक खाली आली. नंतर एकदा मी तिचं पासबुक भरून आणलं आणि पान बघून चक्रावलो. ओळीमागून ओळ, दर महिन्याला १५० रुपये किमान शिल्लक दंड आणि त्याच्याखाली २७ रुपये जीएसटी. मधे कुठेतरी व्याजाचे चार-दोन रुपये जमा, आणि लगेच पुढच्या ओळीत पुन्हा १५० वजा. शेवटी शिल्लक शून्य. मावशीला वाटत होतं, आपणच कधीतरी काढले असतील.

शाखेत नेहमीचंच उत्तर: ‘सिस्टीमनं कापलंय, आमच्या हातात नाही.’ त्या माणसावर राग काढण्यात अर्थ नसतो. त्याच्या समोर रांग असते, प्रिंटर अडकलेला असतो, आणि दंड खरंच कुठल्यातरी सर्व्हरवरून आपोआप पडलेला असतो. पण तो सर्व्हर ज्या नियमानं चालायला हवा तो नियम तुला माहीत हवा. रिझर्व्ह बँकेचंच २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक, १ एप्रिल २०१५ पासून लागू. किमान शिल्लक कमी झाली की बँकेनं आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं तसं कळवायचं, शिल्लक भरून काढायला निदान एक महिना द्यायचा, आणि मगच दंड. दंडही जेवढी शिल्लक कमी पडली असेल त्या प्रमाणात. आणि नुसत्या दंडापोटी खातं उणे करायचं नाही.

म्हणून मी भांडलो नाही. एक अर्ज लिहिला, त्यात एकच प्रश्न: कमी शिल्लकीची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या मोबाइल नंबरवर पाठवली ते लेखी कळवावे.

दिल्या, त्या एका प्रश्नानं गाडी हलली. सूचना गेल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या काकांच्या नंबरवर. ज्या माणसाचा मृत्यूचा दाखला याच शाखेच्या फाइलला लावलेला, त्याच्या बंद पडलेल्या सिमकार्डावर! खातं मावशीच्या नावावर करताना आम्ही अर्जात तिचा नंबर लिहिला होता, त्यांनी तो संगणकात चढवलाच नव्हता. माझ्याकडे त्या अर्जाची शिक्का मारलेली झेरॉक्स होती.

मग मॅनेजर एकदम गोड झाले. म्हणाले, ‘एकदाची खास सवलत म्हणून परत करतो, तसं लिहून द्या.’ इथं सावध राहा. ‘सवलत’ या नावाखाली पैसे घेतलेस तर चूक नोंदली जात नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच सर्व्हर तोच दंड पुन्हा कापतो. मी नाही म्हणालो. सूचना न मिळाल्यामुळे लावलेला दंड परत करावा, खातेदाराचा मोबाइल नंबर दुरुस्त करावा आणि खातं मूलभूत बचत खात्यात बदलावं, अशा तीन मागण्या त्याच अर्जात. मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक लागतच नाही. त्यातून महिन्याला चार वेळा पैसे काढायला पैसे पडत नाहीत, आणि मावशीला चार वेळा पुरून उरतात. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, एवढी एक अट.

पैसे आले, पण फक्त १५० च्या पटीत. वरचे २७-२७ तसेच. म्हणे जीएसटी सरकारकडे गेला. मी विचारलं, मूळ आकारणीच चुकीची होती तर तिच्यावरचा कर बरोबर कसा? पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्का. तेही आले. तू परताव्याची रक्कम बघशील तेव्हा कराची ओळ वेगळी तपास, तिथं हमखास गळती असते.

तर तुझं काम. शाखेच्या नावे साधा अर्ज लिही. खाते क्रमांक, कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे, व्यवहाराची तारीख, रक्कम, परत जमा झाल्याची तारीख, परिपत्रकाची तारीख, आणि ‘२१ दिवसांची भरपाई २,१०० रुपये खात्यात जमा करावी’. मनस्ताप वगैरे लिहू नकोस, वाचणारा नेमका तोच भाग वाचतो आणि आकडा राहून जातो. दोन प्रती ने. दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय शाखेतून हलू नकोस. ‘आवक-जावकवाले जेवायला गेलेत’ म्हणाले तर बस तिथंच बाकावर. नाहीतर बँकेच्या वेबसाइटवर तक्रार टाक आणि तक्रार क्रमांक जपून ठेव. एटीएमची चिठ्ठी असेल तर आजच झेरॉक्स काढ. तो कागद असा असतो की काही दिवसांनी पार कोरा होतो.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत. नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच योजना आहे, ‘कोणता लोकपाल आपला’ ही शोधाशोध संपली. तक्रार ऑनलाइन करता येते, पत्ता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. माहितीसाठी १४४४८ वर फोन. फी नाही, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर तिथं दाराशीच परत पाठवतात. म्हणून तर शिक्क्यासाठी एवढा जीव काढतोय.

तुझ्या मेव्हण्याचं पतसंस्थेचं प्रकरण मात्र या रस्त्यानं जाणार नाही. पतसंस्था लोकपालांच्या कक्षेत येत नाही. त्याला सहकार खात्याच्या निबंधकांकडे जायला सांग.

आणि एक, हात जोडून. ग्राहक सेवेचा नंबर गूगलवर शोधू नकोस. परतावा मिळवून देतो म्हणणारे भामटे तिथं नंबर टाकून बसलेले असतात, आणि ते फोन बँकेपेक्षा फार लवकर उचलतात. कार्डाच्या मागचा नंबर लाव. पैसे परत यायला ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही.

अर्ज लिहून झाला की मला पाठव, मी नजर टाकतो. सोबत पासबुकच्या त्या पानाचा फोटो, दोन्ही तारखा दिसतील असा. एसएमएस खोडू नकोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अव्या

ता. क. पासबुकात मे अखेरीला २० रुपये वजा दिसतील. तो पंतप्रधान सुरक्षा विम्याचा वर्षाचा हप्ता, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण. मावशीच्या खात्यावरही तो निघाला. तिला विचारून चालू ठेवला. ४३६ रुपये वजा असतील तर तो वेगळा, जीवनज्योती विमा. त्यावर तू कधी सही केली होतीस का, एवढं आठवून बघ. केली नसलीस तर त्याचाही अर्ज याच फेरीत देऊन टाक.