कीबोर्ड चेपू नका, खालची बॅटरी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजे सुरू झाली की कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या काउंटरवर एक तक्रार ठरलेली असते. 'लॅपटॉप नवाच आहे, पण कीबोर्ड मधनं वर आलाय.' त्यावर मिळणारा पहिला सल्लाही ठरलेला: 'दाबून बघा, बसतोय का.' दाबला की बसतो, दोन दिवसांनी पुन्हा उठतो, मग कुणीतरी खालून दुहेरी टेप मारून देतो. या टेपेपायी वॉरंटी धोक्यात येते, आणि खाली बॅटरी फुगलेली असेल तर घरही. म्हणून हे पत्र.

सध्याच्या पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी मागे लावलेली नसते. तळवे टेकतात त्या भागाखाली, टचपॅडच्या अंगाने ती पसरलेली असते. तिचे सेल म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातळ थराच्या बंद पिशव्या. आतला द्रव बिघडू लागला की वायू तयार होतो, पिशवी फुगते आणि जागा मिळेल तिकडे रेटते. वरचा पत्रा पातळ, त्यामुळे आधी टचपॅड उचलला जातो, मग स्पेसबारची ओळ. पण प्रत्येक फुगवट्यामागे बॅटरीच असते असेही नाही, म्हणून आधी पारख करावी.

उद्यमनगरच्या कारखान्यांत घडवलेला भाग सपाट आहे का हे बघायला स्टीलची पट्टी उभी टेकवतात आणि मागून उजेड बघतात. इथेही तेच करायचे. लॅपटॉप शट डाउन करून चार्जर काढा. पट्टी तशीच कडेवर उभी धरून स्पेसबारच्या खालच्या मोकळ्या भागावर आडवी टेकवा आणि मागून मोबाइलची टॉर्च धरा. नंतर तुलनेसाठी हेच बटणांच्या सगळ्यात वरच्या ओळीच्या वरच्या मोकळ्या भागावर करा. खालच्या भागात पट्टी मध्यावर टेकून दोन्ही टोकांना उजेड दिसत असेल, टचपॅडचा क्लिक जड झाला असेल, सपाट फरशीवर ठेवल्यावर लॅपटॉप डुलत असेल किंवा तळाच्या झाकणाची फट रुंदावली असेल, तर बॅटरी फुगली आहे असे धरूनच चालावे. टचपॅड ठणठणीत, फरशीवर लॅपटॉप स्थिर, आणि फुगवटा फक्त जी-एच-बी या बटणांभोवती. दाबला की 'टक्' करून बसतो आणि सोडला की उठतो, असे असेल तर दोष बहुधा कीबोर्डच्या बसवणीत आहे.

बसवणीचा दोष कसा होतो हेही सांगायला हवे. बऱ्याच मॉडेलमध्ये कीबोर्ड स्क्रूने नव्हे, तर वितळवून चपट्या केलेल्या प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्यांनी वरच्या पॅनलला धरलेला असतो. या पॅनलला दुरुस्तीवाले सी पॅनल म्हणतात. त्या काही खुंट्या कारखान्यातच नीट बसल्या नसतील तर तेवढा पत्रा सुटतो. अशा वेळी योग्य दुरुस्ती म्हणजे कीबोर्डसह अख्खे सी पॅनल बदलणे. खुंट्या तोडून नवा कीबोर्ड गोंदावर बसवणे ही वॉरंटीतली दुरुस्ती नव्हे, ती जुगाड झाली.

तिसरे कारण आपल्याकडे जास्त दिसते. नवा लॅपटॉप घेतानाच दुकानात जादा रॅम किंवा एसएसडी टाकून घेतात. तळाचे सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. तीन मिलिमीटरच्या जागी पाच मिलिमीटरचा पिळला की त्याचे टोक वरच्या पत्र्याला खालून टोचते आणि दोन बटणांच्या मधे पुटकुळी येते. जाड हीटसिंक (उष्णता शोषणारी धातूची पट्टी) लावलेली एसएसडी किंवा दुमडून राहिलेली चपटी केबलही असाच त्रास देते. फुगवटा वाटाण्याएवढा आणि एकाच जागी असेल तर आधी ज्याने झाकण उघडले त्याला विचारा. कंपनी हा दोष वॉरंटीत घेत नाही, आणि तिचे चुकतही नाही.

बॅटरीचा संशय आला तर मात्र मशीन पुन्हा चालू करू नये. चार्जिंगला तर अजिबात लावू नये. गादी, पडदे, कागद यांपासून लांब, फरशीवर ठेवावे. स्क्रीन जोर लावून मिटवू नये, वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवू नये. काही ठिकाणी टाचणी मारून हवा काढून देतात, ते तर सरळ आगीला आमंत्रण आहे: आतले दोन थर एकमेकांना भिडले की शॉर्ट होते आणि सेल स्वतःच्याच उष्णतेने पेटतो. फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपायही ऐकू येतो, त्यात काहीच अर्थ नाही. धूर निघू लागलाच तर लॅपटॉप उचलून पळू नका, तो धूर विषारी असतो. माणसांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला कळवा.

'नवीन लॅपटॉपची बॅटरी फुगेलच कशी?' हा प्रश्न रास्त आहे. सेल बनवताना आत ओल राहिली किंवा पिशवीचा सील कच्चा असला तर काही महिन्यांत वायू धरतो. गोदामात बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत बराच काळ पडून राहिली तरी सेल बिघडतो. बिलावर तारीख कालची असली तरी माल जुना असू शकतो. शंभर टक्के चार्जवर दिवसभर प्लगला लावून, तोही गादीवर ठेवून तापवणे, हे तिसरे कारण. पावसाळ्यात लाइट जाते या धास्तीने लॅपटॉप कायम चार्जिंगला ठेवणाऱ्यांनी कंपनीच्या अॅपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावून घ्यावी. बहुतेक नव्या मॉडेलमध्ये ती सोय असते. मोठ्या कंपन्यांच्या मालातही बॅटरीचे दोष येतात: एचपीने जानेवारी २०१८ मध्ये आणि अॅपलने जून २०१९ मध्ये काही लॅपटॉपच्या बॅटऱ्या, त्या जास्त तापून पेटण्याच्या धोक्यामुळे, परत मागवल्या होत्या.

आता वॉरंटी. इथे सगळा खेळ जॉब शीटवरच्या, म्हणजे लॅपटॉप दुरुस्तीला देताना तक्रार लिहून घेतात त्या कागदावरच्या, शब्दांचा आहे. 'कीबोर्ड प्रॉब्लेम' असे लिहून दिले की कीबोर्ड बदलून मिळतो आणि खालची फुगलेली बॅटरी तशीच परत येते. त्यामुळे लिहून घ्यायचे ते असे: 'टचपॅड व कीबोर्ड खालून उचलला गेला आहे, बॅटरी फुगल्याची शंका, आतून तपासणी करावी.' शेजारी 'बाहेरून आघाताची खूण नाही, द्रव सांडलेला नाही' हेही लिहून घ्या, कारण नकार द्यायचा झाला तर 'फिजिकल डॅमेज' हाच शेरा मारला जातो. लॅपटॉप देण्याआधी चारही कडांचे, तळाचे आणि पट्टी टेकवलेले फोटो काढून ठेवा. वॉरंटीतला लॅपटॉप स्वतः उघडू नका, ओळखीच्या माणसाकडूनही उघडून घेऊ नका.

बिलाची प्रत जवळ हवीच. कंपनीच्या नोंदीत वॉरंटी कधी कधी कारखान्यातून माल निघाला त्या दिवसापासून धरलेली असते. बिल दाखवून ती तारीख दुरुस्त करून मागा. लॅपटॉपला दोन-तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला अनेकदा एकच वर्ष असते, म्हणून अकराव्या महिन्यात 'बघू नंतर' म्हणू नका.

कंपनीच्या इथल्या सर्व्हिस केंद्रात काम झाले नाही की लॅपटॉप पुण्याला जातो, आणि आपल्याकडची सोपी वाट म्हणजे रात्रीच्या ट्रॅव्हल्सची डिकी. फुगलेली बॅटरी आत असताना हे करू नका. कुरिअरलाही देऊ नका. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने न्यायला मनाईच आहे. फोनवर आणि ईमेलवर 'बॅटरी फुगली आहे' असे स्पष्ट कळवून तंत्रज्ञ इथेच पाठवण्याची मागणी करा.

डेटाची जबाबदारी सर्व्हिस सेंटर घेत नाही. विंडोज ११ च्या नव्या मशीनमध्ये डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) झालेली असते. मदरबोर्ड बदलला की ४८ अंकी 'रिकव्हरी की', म्हणजे हे कुलूप उघडणारा क्रमांक, मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, दुसऱ्या मोबाइलवरून उतरवून ठेवा. फुगलेल्या बॅटरीवर तासभर बॅकअप घेत बसण्यापेक्षा तंत्रज्ञाकडून आधी बॅटरी सोडवून घ्यावी.

केंद्र टाळाटाळ करू लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, म्हणजे कंपनी बंगळूरची असली तरी दावा कोल्हापुरात चालतो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. तिथेही पुन्हा जॉब शीटच बघितली जाते.

लॅपटॉप परत घेताना काउंटरवरच पट्टी टेकवून बघा, प्रत्येक बटण दाबा, टचपॅडचे चारही कोपरे क्लिक करा, तळाचे स्क्रू मोजा. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये बॅटरीचा अनुक्रमांक सहसा दिसतो. लॅपटॉप ठणठणीत असतानाच हा रिपोर्ट एकदा काढून ठेवला असेल तर दुरुस्तीनंतरचा त्याच्याशी ताडून बघा: क्रमांक तोच असेल तर बॅटरी बदललेली नाही. मात्र रिपोर्टमधली क्षमता मूळच्या ९५ टक्के भरते म्हणून बॅटरी फुगलेली नाही असे समजू नका, त्या आकड्याला फुगवटा कळत नाही. जुनी बॅटरी 'आठवण म्हणून' घरी आणू नका, घंटागाडीतही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून विल्हेवाट लावणे उत्पादकाच्या अंगावर आहे. ती केंद्रातच सोडा आणि जॉब शीटवर 'जुनी बॅटरी जमा' असे लिहून घ्या.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती तंत्रज्ञ,
राजारामपुरी, कोल्हापूर