आईचा माइक जवळ घेणाऱ्या साउंडवाल्या दादांस

दादा, सप्रेम नमस्कार.

आषाढी एकादशीला इंदिरानगरच्या हॉलमध्ये आमच्या भजनी मंडळाला साउंड द्यायला तुम्ही आला होतात. हिरव्या नऊवारीतल्या 78 वर्षांच्या आजी आठवत असतील. मी त्यांची लेक.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात आईने गौळण धरली आणि माइकने अशी शिट्टी मारली की पुढच्या पोरांनी कानांत बोटं घातली. तेव्हाचा साउंडवाला मिक्सरमागून ओरडला, "आजी, माइकपासून लांब व्हा!" ती लांब सरकली. मग आवाज पोचेना म्हणून त्याने व्हॉल्यूम चढवला, परत शिट्टी. घाबरून तिने माइकची जाळीच मुठीत धरली, तर अजून मोठी. शेवटी सगळ्यांदेखत तो म्हणाला, "आजींना आवाजच नाही, दुसरं कोणीतरी म्हणा." स्पीकरचे बॉक्स तिच्या पाठीमागे, थेट तिच्या माइककडे तोंड करून उभे होते. ते कुणी पाहिलं नाही. त्या दिवसापासून आई मंडळात नुसते टाळ वाजवायची.

तुम्ही आल्या आल्या बॉक्स पुढे नेऊन लोकांकडे वळवलेत. वरच्या पत्र्याकडे एकदा पाहिलंत आणि ज्यांच्यासमोर कुणी बसलं नव्हतं ते माइक बंद केलेत. मिक्सरवर आणखी काय केलंत ते मला कळलं नाही.

आईची पाळी आली. सवयीने ती मागे सरकली. तुम्ही मिक्सर सोडून आलात, तिच्यासमोर सतरंजीवर बसलात. स्टँड खाली घेऊन माइक तिच्या ओठांपासून चार बोटांवर आणलात. जाळीवरची तिची मूठ अलगद सोडवलीत आणि हळूच म्हणालात, "आजी, देवघरात म्हणता तेवढ्याच आवाजात म्हणा. शिट्टी वाजली तर चूक माझी, तुमची नाही."

दादा, हे वाक्य आठवलं की अजून गळा दाटून येतो.

नंतर चहा घेताना तुम्ही मला समजावलंत. बॉक्समधला आवाज परत माइकमध्ये शिरतो, मिक्सर तो पुन्हा मोठा करतो, तोच फिरत फिरत शिट्टी होतो. माइकचं तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की गाणाऱ्याचा आवाज साधारण 6 डेसिबलने जास्त मिळतो, मग तेवढा व्हॉल्यूम उतरवता येतो. आणि हा माइक समोरचंच जास्त ऐकतो, पण जाळी मुठीत धरली की चहूबाजूंचं ऐकायला लागतो. म्हणजे आईला "लांब व्हा" सांगितलं होतं ते नेमकं उलटं होतं! आणि दोन वर्षं ती स्वतःच्या गळ्याला दोष देत राहिली.

बँकेच्या खिडकीपाशी, दवाखान्यात, म्हाताऱ्या माणसांनाच ऐकू येत नाही, त्यांनाच कळत नाही, असं लोक किती सहज ठरवून टाकतात. ज्याच्या हातात बटणं आहेत त्याने चूक आधीच आपल्या अंगावर घेतलेली मी तुमच्याकडेच पाहिली. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

त्या दिवशी आईने एक नाही, तीन अभंग म्हटले. तिसऱ्याला तर तिचे डोळे मिटलेले होते, आणि माइक समोर आहे हेही ती विसरली होती.

कार्तिकीची तयारी सुरू झाली आहे. मंडळाच्या वहीत 'साउंड'पुढे तिने स्वतःच्या हाताने तुमचं नाव लिहिलंय. या वेळी जेवल्याशिवाय जायचं नाही, असा तिचा निरोप आहे.

तुमची,
आजींची लेक